शेख-उल-जामिया डॉ. झाकीर हुसेन

वाचकहो, डॉ. झाकीर हुसेन यांची तसबीर आपण कुठल्या ना कुठल्या शाळेच्या भिंतीवर पाहिली असेल. बंद गळ्याची शेरवानी, डोक्यावर टोपी, नीटस राखलेली पांढरी दाढी आणि चष्म्याआडचे शांत डोळे. खाली दोन ओळी असतात : भारताचे तिसरे राष्ट्रपती, कार्यकाल १९६७ ते १९६९. सामान्यज्ञानाच्या पेपरात हा एका गुणाचा प्रश्न होतो आणि आपली ओळख बहुधा तेवढ्यावरच संपते.

प्रस्तुत लेखात राष्ट्रपती भवनातील त्या दोन वर्षांविषयी फारसे काही सापडणार नाही. त्याआधी बावीस वर्षे हा माणूस एका अशा संस्थेचा प्रमुख होता, की जिच्यापाशी पैसा नव्हता, सरकारी अनुदान नव्हते आणि जिच्या पदवीला बाजारात किंमत नव्हती. आपण शिक्षणसंस्थेची माणसे आहोत. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणे, पगाराची तारीख टळली की शिक्षकांकडे पाहताना मान खाली जाणे, या गोष्टी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. म्हणूनच राष्ट्रपतींपेक्षा त्या बावीस वर्षांतले शेख-उल-जामिया आपल्याला अधिक जवळचे वाटावेत.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणे आफ्रिदी पठाणांचे, मूळ गाव उत्तर प्रदेशातील फरुखाबाद जिल्ह्यातले काइमगंज. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. सात मुलगे, त्यात झाकीर तिसरे. १९०७ साली वडील क्षयाने वारले, तेव्हा झाकीर दहा वर्षांचे होते. कुटुंब काइमगंजला परतले. मुलांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. आई नाझनीन बेगम यांनी शिकणाऱ्या मुलांना घराकडे ओढून घेतले नाही. पुढे १९११ साली प्लेगची साथ आली आणि त्या साथीत आईही गेली. चौदाव्या वर्षी हा मुलगा पूर्ण पोरका झाला.

या काळात दोन आधार मिळाले. एक इटाव्याच्या शाळेचे मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांचा. दुसरा काइमगंजचे सूफी हसन शाह यांचा. हे हसन शाह पुस्तकांचे विलक्षण शौकीन होते. एखादी दुर्मीळ पोथी हाती लागली की ती नकलून घ्यावी, हा त्यांचा छंद, आणि नक्कल करण्याचे काम सुट्टीत घरी आलेल्या झाकीरकडे यायचे. अक्षर घोटता घोटता मजकूर मुरत गेला. धर्म म्हणजे लोकांची खिदमत आणि स्वतःविषयी कमीत कमी बोलणे, ही शिकवण त्यांना मिंबरावरून कमी आणि या फकिराच्या सहवासातून अधिक मिळाली, असे मला वाटते. पुढे आयुष्यभर त्यांनी आपल्या नमाज-रोज्याचा गाजावाजा केला नाही. श्रद्धा होती, ती कामात विरघळलेली होती.

अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात ते १९१३ साली दाखल झाले. आधी डॉक्टर व्हायचे मनात होते. आजारपणामुळे ते राहून गेले आणि अर्थशास्त्राकडे वळणे झाले. १९१५ मध्ये शाहजहान बेगम यांच्याशी विवाह झाला. १९२० पर्यंत एम.ए.चा अभ्यास, कायद्याचा अभ्यास आणि कॉलेजातच थोडेसे शिकवण्याचे काम, असे सगळे मार्गाला लागले होते. वाट सरळ सरकारी नोकरीकडे जात होती.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महात्मा गांधी आणि अलीबंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, हे त्यांचे सांगणे होते. त्या दिवशी झाकीर हुसेन प्रकृती दाखवण्यासाठी दिल्लीला गेले होते. परतल्यावर पाहतात तो मित्रमंडळी गांधीजींच्या भाषणाची टवाळी करीत बसलेली. त्या टवाळीने त्यांना लाज वाटली. ते पुन्हा दिल्लीला गेले आणि हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी, मौलाना महंमद अली या पुढाऱ्यांना भेटून त्यांनी विचारले, की मुले कॉलेज सोडतील, पण सोडून जाणार कुठे? आपण राष्ट्रीय विद्यापीठ काढणार आहात काय? वाचकहो, बहिष्काराच्या जोशात हा प्रश्न फार थोड्यांना सुचला होता. जे मोडायचे त्याच्या जागी काय उभे करायचे, हे विचारणारा तो तरुण तेवीस वर्षांचा होता.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढच्या मशिदीत शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. मौलाना आजारी होते, त्यानंतर महिनाभरातच ते निवर्तले. वर्ग तंबूंत आणि भाड्याच्या बंगल्यांत भरू लागले. झाकीर हुसेन तेथे आले ते कायमचे.

मध्ये तीन-चार वर्षे ते जर्मनीत होते. १९२२ मध्ये बर्लिनला गेले आणि १९२६ मध्ये तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंध होता ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतीव्यवस्थेवर. अभ्यासाबरोबर इतर उद्योगही चालू होते. बर्लिनच्या काव्यानी छापखान्यात त्यांनी गालिबच्या दीवानाची एक देखणी छोटी आवृत्ती काढली आणि तिचे खिळे काही अंशी स्वतः जुळवले. बर्लिनमध्येच त्यांना आबिद हुसेन आणि महंमद मुजीब हे दोन जन्माचे साथी भेटले.

इकडे जामियाची अवस्था बिकट झाली होती. असहकाराची चळवळ थांबली. १९२४ मध्ये तुर्कांनी स्वतःच खिलाफत रद्द केली आणि खिलाफत कमिटीचा पैसा आटला. संस्था बंद करावी असा विचार बळावू लागला. ही वार्ता बर्लिनला पोहोचली तेव्हा या तिघांनी कळवले, की आम्ही आपले आयुष्य जामियाला द्यायला तयार आहोत, आम्ही येईपर्यंत दार लावू नका. गांधीजींनीही ती चालावी यासाठी हकीमसाहेबांना धीर दिला. १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आली आणि १९२६ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, डॉ. झाकीर हुसेन तिचे कुलगुरू झाले. जामियात या पदाला शेख-उल-जामिया म्हणत.

कुलगुरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटार आणि शिपाई येतो. येथे काय होते ते पाहा. डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान वारले. दवाखान्याच्या कमाईतून आणि ओळखीपाळखीतून संस्थेचा गाडा ओढणारा तो एकच माणूस होता. सरकारचे अनुदान घ्यायचे नाही हे स्थापनेपासूनचे व्रत. त्यामुळे पदवीला सरकारी मान्यता नाही आणि म्हणून फी देणारे विद्यार्थीही बेताचेच. १९२८ मध्ये काही मोजक्या शिक्षकांनी एक मंडळ स्थापले आणि करार केला, की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांपेक्षा अधिक कधीही मागणार नाही. प्रत्यक्षात तेवढे कुणाच्या हाती पडत नव्हते. शेख-उल-जामियांनी स्वतःसाठी त्याहून कितीतरी कमी रक्कम घेतली आणि तीही महिनोन् महिने थकायची. युरोपातली डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला त्या काळी इतर विद्यापीठांत किती मिळू शकले असते, याचा हिशेब आपणच करावा.

या त्यागाची किंमत एकट्या झाकीर हुसेन यांनी मोजली असे मात्र समजू नये. घर शाहजहान बेगमना चालवायचे होते. महिना कोरडा गेला तरी चूल कोरडी ठेवता येत नाही. पाहुणा आला तर त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, हा पठाणी रिवाज. अशा थोर पुरुषांच्या चरित्रांत बायकोच्या वाट्याला एखादे वाक्य येते. माझ्याही लेखात याहून अधिक जागा तिला मिळालेली नाही, हे मी कबूल करतो.

पैसा कसा उभा राहिला? मोठ्या देणगीदारांची वाट पाहण्यापेक्षा लहान लहान वर्गणीदारांचे जाळे विणायचे ठरले. हमदर्दान-ए-जामिया, म्हणजे जामियाचे हितचिंतक, या नावाने ही वर्गणी गोळा होऊ लागली आणि शफीक-उर-रहमान किदवई यांनी त्या कामाला वाहून घेतले. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे. थोडे देणारे हजारो लोक संस्थेला आपली मानू लागले. एका धनिकाच्या मर्जीवर चालणारी संस्था आणि हजारो गरिबांच्या आण्यांवर चालणारी संस्था यांत काय फरक असतो, हे आपल्या कार्यकारिणीच्या सभासदांना सांगायला नको.

एवढ्या ओढाताणीत शेख-उल-जामियांचे मन कुठे रमत होते? प्राथमिक शाळेत. विद्यापीठाचा हा प्रमुख सर्वांत लहान मुलांच्या वर्गांत सर्वांत जास्त दिसायचा. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारख्या शिक्षकांनी तेथे नवे प्रयोग चालवले होते. मुलांचे दुकान मुले चालवीत, मुलांची बँक मुले चालवीत. बर्लिनमधल्या ओळखीवर विसंबून गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन यहुदी बाई जामियात आल्या. त्यांनी बालवाडीची जबाबदारी उचलली आणि मुलांच्या त्या आपाजान झाल्या. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर जामियाच्या कबरस्तानातच आहे. हिटलरच्या राज्यात ज्यांना थारा नव्हता त्या समाजातील एका बाईला दिल्लीच्या मुसलमान मुलांनी आपा म्हटले, ही गोष्ट मला जामियाच्या सर्व इमारतींपेक्षा मोठी वाटते.

बुटांची गोष्ट आपण ऐकली असेल. मुले धुळीने माखलेले बूट घालून शाळेत येत. सांगून पाहिले, लेखी सूचना लावून पाहिली, उपयोग झाला नाही. एके दिवशी सकाळी शेख-उल-जामिया स्वतः ब्रश आणि पॉलिशची डबी घेऊन फाटकापाशी बसले आणि येईल त्या मुलाचे बूट पुसू लागले. पुन्हा सूचना लावण्याची गरज पडली नाही. ही गोष्ट सांगताना वक्ते सहसा मुलांच्या शरमेवर भर देतात. मला त्यात दुसरेच दिसते. मुलाला खजील करणे हा हेतू असता तर ते काम दोन शब्दांत झाले असते. वडीलधाऱ्याने लहानाच्या पायाशी बसणे याला मनाची वेगळी घडण लागते आणि ती एका सकाळपुरती आणता येत नाही.

पुढची घटना थोडी सावकाश वाचावी. प्राथमिक शाळेत त्या दिवशी मुलांना मिठाई वाटण्याचा समारंभ होता. झाकीरसाहेब स्वतःच्या हाताने वाटत होते. इतक्यात शिपाई आला आणि त्यांच्या कानाशी काही बोलला. त्यांची धाकटी मुलगी रेहाना, वय जेमतेम तीन वर्षे, घरी आजारी होती. तिची प्रकृती फार बिघडल्याचा तो निरोप होता. त्यांनी ऐकले आणि वाटप चालू ठेवले. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा आला. मुलगी गेली होती. चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलाला मिठाई मिळाल्यावर ते उठले. बातमी पसरली तेव्हा लोक हळहळले, काहींनी विचारलेही, की त्याच क्षणी घरी का गेला नाहीत? त्यांनी सांगितले ते इतकेच, की मुले फार आनंदात होती, त्यांच्या आनंदाचा विरस करणे जिवावर आले. पुढे कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी ओली असायची, हे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले.

वाचकहो, ही गोष्ट वाचून आपल्या मनात जो प्रश्न आला असेल तो माझ्याही मनात आहे. आजारी लेकीजवळ त्या वेळी बाप असायला नको होता काय? तिच्या आईला त्या तासात काय वाटले असेल? याचे उत्तर माझ्यापाशी नाही आणि ही गोष्ट आदर्श म्हणून कुणापुढे ठेवण्याची माझी हिंमतही नाही. एवढेच ठाऊक आहे, की ते रेहानाला विसरले नाहीत. पुढे त्यांनी मुलांसाठी उर्दूत कथा लिहिल्या आणि त्या रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. त्यांतली अब्बू खानच्या बकरीची कथा सर्वांत नावाजली. अब्बू खानची चांदनी नावाची बकरी दावणीच्या सुरक्षित चाऱ्याला कंटाळून डोंगरावर पळून जाते. रात्री लांडगा येतो. आपण जिंकणार नाही हे तिला माहीत असते, तरी ती पहाटेपर्यंत शिंगे रोखून झुंजत राहते आणि उजाडल्यावर मरून पडते. झाडावरचे पक्षी कोण जिंकले यावर वाद घालतात. बहुतेकांच्या मते लांडगा जिंकलेला असतो, एका म्हाताऱ्या पक्ष्याच्या मते चांदनी. मूळ बीज एका फ्रेंच कथेचे असले, तरी जामियाच्या त्या दिवसांत ही बकरी कोण होती हे शिक्षकांना वेगळे सांगावे लागले नसेल.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्यास यमुनेकाठी नव्या वास्तूची पायाभरणी झाली. तेव्हा एकाहून एक मोठी माणसे हजर असताना दगड बसवला तो शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने.

आता आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा जो संबंध आला त्याविषयी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च, ही गांधीजींची कल्पना. बहुतेक जण माना डोलावीत होते. झाकीर हुसेन उठले आणि त्यांनी नम्रपणे दोन गोष्टी सांगितल्या. एक, कामातून शिक्षण ही कल्पना जगाला अगदीच नवी नाही. दुसरी, शाळेने आपला खर्च काढलाच पाहिजे असा आग्रह धरला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारे मुकादम होतील. गांधीजींच्या तोंडावर हे बोलणे सोपे नव्हते. गांधीजींचा मोठेपणा असा, की योजना आखण्यासाठी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांनी याच टीकाकाराकडे दिले. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सैयदैन अशी मंडळी त्या समितीत होती. दोन महिन्यांच्या आत अहवाल तयार झाला. सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षपदही पुढे कित्येक वर्षे त्यांच्याकडेच होते.

या योजनेवरून मुस्लिम लीगने काहूर उठवले. मुसलमान मुलांचा दीन बिघडवण्याचा हा डाव आहे, असा प्रचार झाला आणि त्याचे शिंतोडे झाकीर हुसेन यांच्यावर उडाले. स्वतःच्याच समाजाचा रोष पत्करणे हे परक्याच्या रोषापेक्षा कठीण असते. त्यांनी उलट शिवी दिली नाही आणि योजनेचे कामही सोडले नाही.

असा हा माणूस १९४६ च्या नोव्हेंबरात काय करतो ते पाहण्यासारखे आहे. जामियाला पंचवीस वर्षे पूर्ण होऊन गेली होती आणि रौप्यमहोत्सव भरवायचा होता. देशात ऑगस्टपासून कलकत्ता, नोआखाली, बिहार पेटत गेले होते. दिल्लीतही दंगल होती. काँग्रेस आणि लीगचे पुढारी एकाच हंगामी सरकारात असूनही एकमेकांशी धड बोलत नव्हते. झाकीर हुसेन यांचे नाव सरकारात घेण्यास त्याच वर्षी बॅ. जीना यांनी कडाडून विरोध केला होता. तरी झाकीरसाहेबांनी सर्वांना आमंत्रण दिले आणि सर्व आले. एका व्यासपीठावर पं. नेहरू, मौलाना आझाद, राजगोपालाचारी आणि त्याच व्यासपीठावर बॅ. जीना, फातिमा जीना, लियाकत अली खान. असे दृश्य त्या दिवसांत दुसरीकडे कुठे दिसले नाही, आणि त्यानंतर पुन्हा दिसले नाही.

त्या दिवशी शेख-उल-जामियांनी संस्थेचा अहवाल वाचला आणि मग समोरच्या सत्ताधीशांकडे वळून एकच मागणे मागितले. पैसा मागितला नाही. आग कोणी लावली हा वाद आता नको, ती आधी विझवा, एवढे त्यांचे म्हणणे होते. शिक्षक कोवळी रोपे वाढवतो, जळत्या रानात ती कशी वाढवायची, असे त्यांनी परोपरीने विनवले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. आग मात्र विझली नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये ती त्यांच्या अंगापर्यंत आली. विश्रांतीसाठी ते रेल्वेने काश्मीरकडे निघाले होते. पूर्व पंजाबात कत्तली चालू होत्या याची दिल्लीत पुरती कल्पना नव्हती. जालंदर स्टेशनात गाडी थांबली आणि शस्त्रे घेतलेल्या टोळीने त्यांना खाली उतरवून ताब्यात घेतले. मारणाऱ्यांना ते कोण याच्याशी कर्तव्य नव्हते, दाढी आणि शेरवानी पुरेशी होती. शेवटच्या क्षणी एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी मध्ये पडले, जीव धोक्यात घालून त्यांनी त्यांना सोडवले आणि परत दिल्लीला पोहोचण्याची व्यवस्था केली.

दिल्लीत सप्टेंबर उजाडला तो त्याहून भयंकर. करोलबागेतील मक्तबा जामियाचे पुस्तकांचे भांडार जाळण्यात आले. वर्षानुवर्षे पै पै करून छापलेली पुस्तके होती ती. ओखल्याला रात्री आजूबाजूच्या गावांतल्या आगी दिसत. दिवे मालवून शिक्षक आणि मोठे विद्यार्थी पहारा देत. आसपासचे घाबरलेले लोक जामियात आश्रयाला आले. नेहरू येऊन गेले, संरक्षणाला लष्करी तुकडी आली. गांधीजी ९ सप्टेंबरला दिल्लीत पोहोचले आणि लगेच जामियाची वास्तपुस्त करायला ओखल्यास आले. त्या प्रवासात मोटारीच्या दारात त्यांची बोटे चेंगरली होती, तरी ते थांबून सर्वांशी बोलले.

पुढचा प्रश्न प्रत्येक घरात होता : जायचे की राहायचे? झाकीर हुसेन यांच्या स्वतःच्या कुटुंबाची फाळणी झाली. धाकटे बंधू डॉ. महमूद हुसेन पाकिस्तानात गेले आणि तेथे मंत्री झाले, पुढे कुलगुरूही झाले. झाकीर हुसेन राहिले. जे गेले त्यांना त्यांनी बोल लावला नाही आणि जे राहिले त्यांना मोठमोठी आश्वासनेही दिली नाहीत. जामियाची माणसे पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथील निर्वासितांच्या छावण्यांत जाऊ लागली, तेथल्या मुलांना गोळा करून शिकवू लागली. जालंदरची हकीकत सांगताना झाकीरसाहेब भर देत तो ज्यांनी वाचवले त्यांच्यावर. वाचकहो, त्या वर्षी प्रत्येकापाशी सांगायला एक जखम होती. कोणती आठवण पुढे न्यायची याची निवड तेव्हा प्रत्येकाला करावी लागली.

१९२८ चा वीस वर्षांचा करार १९४८ मध्ये पुरा झाला. थोडी उसंत मिळायला हवी होती. पण मौलाना आझाद शिक्षणमंत्री होते आणि अलीगढ विद्यापीठाचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पाकिस्तानच्या चळवळीचे केंद्र म्हणून अलीगढकडे सारा देश संशयाने पाहत होता. अनेक शिक्षक आणि विद्यार्थी निघून गेले होते, जे उरले ते भेदरलेले होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेतून बंड करून बाहेर पडले तिचेच कुलगुरुपद नोव्हेंबर १९४८ मध्ये झाकीर हुसेन यांनी घेतले. जामिया त्यांनी मुजीबसाहेबांच्या हाती सोपवली.

अलीगढमध्ये १९५६ पर्यंत, आठ वर्षे, त्यांनी काय केले? जुने हिशेब उकरले नाहीत. कोण लीगचा होता याच्या याद्या केल्या नाहीत. चांगले अध्यापक शोधून आणले, सरकारचा विश्वास परत मिळवला आणि बागा लावल्या. गुलाबांचे त्यांना वेड होते. उजाड आवारात गुलाब आणि बोगनवेल फुलली तेव्हा कुणी म्हणाले असेल, की ही काय फुले लावण्याची वेळ आहे? पण भ्यालेल्या माणसाला आपण इथे राहणार आहोत हे फुलझाड सांगते, भाषण सांगू शकत नाही.

दोषही सांगितला पाहिजे. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. भांडण टाळण्याकडे कल फार, त्यामुळे कठोर निर्णय लांबणीवर पडत आणि काही वेळा चुकीच्या माणसांचे फावले. मुजीबसाहेबांनी लिहिलेल्या चरित्रातही या स्वभावाविषयी स्पष्टपणे लिहिले आहे. मऊ मनाचे हे दुसरे अंग होते.

नंतरची पदे थोडक्यात. १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, १९६२ पासून उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. या पदावर आलेले ते पहिले मुसलमान. निवडून आल्यावर ते शृंगेरीच्या शंकराचार्यांना आणि जैन मुनी सुशीलकुमार यांना भेटून आले. काही मुसलमानांना ते खटकले. त्यांनी नेहमीप्रमाणे उत्तर दिले नाही.

३ मे १९६९ च्या सकाळी ईशान्येकडील दौऱ्याहून परतलेले झाकीर हुसेन राष्ट्रपती भवनात होते. नेहमीच्या तपासणीला डॉक्टर आले होते. ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. हृदयक्रिया बंद पडली होती. पदावर असताना निधन पावलेले ते भारताचे पहिले राष्ट्रपती.

दफन ओखल्यास जामियाच्या आवारात झाले. नंतर शाहजहान बेगमनाही तेथेच, त्यांच्या शेजारी, जागा मिळाली. मशीद आणि ग्रंथालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे.